तीन चहा होईपर्यंत

मी डॉक्टर नाही. आधी ट्रकची इंजिनं उघडायचो,
हिवाळाभर न विझवलेली,
कारण उणे पन्नासात एकदा विझलेलं इंजिन
वसंताशिवाय कुणाचं ऐकत नाही.
आता गुडघ्यांची हत्यारं बघतो:
करवती, ड्रिल, हातोडी, मापाचे ठोकळे,
आणि तो पट्टा, जो मांडीभोवती फुगून
रक्ताला म्हणतो, थांब जरा.

कारखान्यातून येतात तेव्हा सगळी गुणी असतात.
सोबतच्या पुस्तिकेत ‘खोलीचं तापमान’ असं लिहिलेलं असतं,
जणू जगात खोली एकच आहे.

इथे गोठलेली याना नदी हाच रस्ता. सोळा तास.
पहिल्या वर्षी पट्ट्याची नळी काडीसारखी मोडली.
ड्रिलच्या पोटातलं ग्रीस मेण होऊन बसलं;
ते धुऊन काढलं, आणि प्रोकोपी ट्रकवाल्याला विचारून
पातळ तेल घातलं, आतल्या गिअरपुरतं.
सर्गिलाना डॉक्टरांनी वास घेतला, काही बोलल्या नाहीत.
त्यांचं न बोलणं म्हणजे सही.
बॅटऱ्या मी सदऱ्याच्या आत बांधून आणल्या,
आठव्या महिन्यातल्या बाईसारखा
कंबरेवर हात ठेवून चालत.

पण घामाचं काय करायचं ते कळेना.
पेटी उबेत आणली, झाकण उघडलं
की पोलादाला दरदरून घाम फुटायचा,
चोरी पकडल्यासारखा.
थेंब मोटरीत उतरायचा. एक ठिणगी.
मग खोलीभर शांतता, आणि टेबलावर
भूल उतरायची वाट पाहणारा माणूस.
असं दोनदा झालं.

मात्र्योना, एवेन बाई, चाळीस हिवाळे रेनडिअरांच्या मागे.
तिचा उजवा गुडघा खडी दळल्यासारखा वाजायचा,
दाराबाहेरही ऐकू यायचा.
तीन दिवस खाटेवरून ती मला बघत होती:
पुसतोय, वाळवतोय, शिव्या घालतोय.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
“बंदूक कुणी तंबूत आणतं का रे?
बाहेरच राहू द्यायची. गारठ्यात ती कोरडी असते.
आत आली की रडते, रडली की गंजते.
आणायचीच झाली तर बाहेरच कातड्यात गुंडाळ,
गाठ मार, आत आण,
आणि विसरून जा. तीन चहा होईपर्यंत.”

माझ्याकडे आर्द्रतेचे तक्ते होते, रंगीत.
तिच्याकडे एक बंदूक होती.

मी रात्रभर शिवत बसलो. आत निर्जंतुक डबा, सीलबंद;
त्यावर जाड नमदा, त्यावर ताडपत्री.
चेन नाही, चेनचे दात थंडीत पडतात;
शिंगाच्या चार खुंट्या, दोरीच्या फासात अडकवायला.
पेटी एक रात्र बाहेर ठेवली, मुद्दाम.
सकाळी तशीच उचलून आत आणली
आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

पहिला चहा. मात्र्योना तिच्या कुत्र्याबद्दल बोलली.
दुसरा. कुणीच काही बोललं नाही.
तिला उपाशी ठेवायचं होतं,
म्हणून तिच्या वाटणीचा तिसरा मी प्यायलो;
ती माझे घोट मोजत होती.
मग म्हणाली, “आता.”

खुंट्या काढल्या. झाकण.
डॉक्टरांनी मोजे घातलेलं बोट करवतीवरून फिरवलं.
कोरडी.

गुडघा कसा आहे, मला पक्कं माहीत नाही.
कळप उत्तरेला गेला, तीही गेली,
आणि तिकडून पत्रं येत नाहीत.
याकुत्स्कहून मात्र अर्ज आला: कार्यपद्धती लिहा, वेळ मिनिटांत.
मी लिहिलं, चहा करणाऱ्यावर अवलंबून.
लाल खूण होऊन परत आला.
मग लिहिलं, दोनशे चाळीस मिनिटं. मंजूर.

पेटीच्या झाकणावर मात्र पेन्सिलीनं आहे,
तीन चहा होईपर्यंत उघडू नये.
पेन्सिलच बरी.
शाई इथे वाटेतच गोठते.